‘नाही’ म्हणणारा खातेदार

नाशिकहून त्र्यंबक रस्त्याला लागले की सातपूर येते. महिंद्रा, बॉश, सिएट ही मोठी नावे, त्यांच्या आजूबाजूला सुटे भाग बनवणारे लहान कारखाने आणि या सगळ्यांच्या भरवशावर उघडलेल्या बँकांच्या शाखा. हाच रस्ता पुढे त्र्यंबकेश्वरला आणि तिथून हरसूलच्या डोंगरांकडे जातो. तिकडची आणि पेठ-सुरगाण्याची कोकणा, महादेव कोळी, वारली कुटुंबे भातकापणी उरकली की कामासाठी खाली उतरतात. कोणी गिरणारे-दिंडोरीच्या द्राक्षबागांत जाते, कोणी बांधकामांवर, कोणी ठेकेदारामार्फत सातपूर-अंबडच्या कंपन्यांत.

त्यामुळे इथल्या शाखेत एका टेबलापाशी कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागणारा उद्योजक बसलेला असतो आणि खिडकीपुढच्या रांगेत जनधनचे पासबुक घेऊन उभा असलेला मजूर. पहिल्याला बँक ग्राहक म्हणते, दुसऱ्याला लाभार्थी. ग्राहकाला अट पटली नाही तर तो उठून शेजारच्या बँकेत जातो, आणि तो जाईल हे बँकेला ठाऊक असते. लाभार्थी कुठे जाणार नाही, हेही तितकेच गृहीत धरलेले असते. बँक आणि मानवी हक्क यांची गाठ पडते ती इथे: समोरच्या माणसाला ‘नाही’ म्हणायची सोय आहे का? ही सोय ठेवायला बँका आपणहून शिकल्या नाहीत. त्यांना ती आदिवासींनी शिकवली, आणि त्यातला सर्वांत मोठा धडा महाराष्ट्रातल्याच एका गावाने दिला.

बँक तर फक्त पैसे देते

बँक कोणाचे घर पाडत नाही, गाव उठवत नाही. ती फक्त पैसे देते. हक्कांचा प्रश्न आला की वर्षानुवर्षे हेच उत्तर मिळत असे. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने जॉन रगी यांनी तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली आणि हे उत्तर पुरेनासे झाले. हक्कांचे रक्षण करणे सरकारचे काम, हक्कांचा मान राखणे व्यवसायाचे, आणि अन्याय झाला तर दाद मागायला जागा हवी, अशी त्यांची मांडणी आहे. व्यवसायाने स्वतः केलेले नुकसान तर त्यात येतेच, पण व्यवहाराच्या संबंधातून जोडले गेलेले नुकसानही येते. कर्ज हा असाच संबंध.

भारतात सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना जबाबदार व्यवसायाचा वार्षिक अहवाल सक्तीचा केला. मोठ्या बँका त्यात आल्याच. अहवालातले पाचवे तत्त्व मानवी हक्कांचे आहे आणि किती टक्के कर्मचाऱ्यांना या विषयाचे प्रशिक्षण दिले, असा एक रकानाही आहे. हा रकाना भरायला संगणकावरचा छोटा अभ्यासक्रम पुरतो. त्यातून कर्मचाऱ्याला व्याख्या कळतात. हरसूलहून आलेली बाई अंगठा उठवण्याआधी गप्प का बसते, ते कळत नाही.

आदिवासींच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. १३ सप्टेंबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मूळनिवासी जनसमूहांच्या हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. जमीन, जंगल, संसाधने यांबाबत काही करायचे तर त्या लोकांची मोकळेपणाने, आधी आणि पूर्ण माहितीनिशी दिलेली संमती हवी, हा त्याचा गाभा. भारताने बाजूने मत दिले, पण स्वातंत्र्यानंतर सगळीच भारतीय जनता मूळनिवासी आहे, अशी भूमिकाही लावून धरली. मत द्यायचे आणि लागू मात्र करायचे नाही, ही आपली जुनी खुबी. म्हणून इथे आदिवासींचे हक्क शोधायचे तर पाचवी अनुसूची, अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीचा १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांतच शोधावे लागतात.

मणिबेली

सातपूरच्या उत्तरेला, सातपुड्यात, नर्मदेच्या काठी मणिबेली हे गाव होते. तेव्हा तो धुळे जिल्हा, १९९८ पासून नंदुरबार. सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली जी ३३ गावे जाणार होती, त्यांत मणिबेली सर्वांत आधी. गुजरातची १९ आणि मध्य प्रदेशची १९३ धरून आकडा २४५ वर जात होता. या धरणासाठी आणि कालव्यांसाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचा करार केला.

बँकेला आदिवासी माहीतच नव्हते असे नाही. फिलिपाइन्समध्ये बँकेच्या पैशाने होऊ घातलेल्या चिको नदीवरच्या धरणांना कलिंगा लोकांनी विरोध केला होता आणि त्यांचे नेते माक्लिंग दुलाग यांची १९८० मध्ये सैनिकांनी हत्या केली होती. त्यानंतर १९८२ मध्ये बँकेने आदिवासींच्या भागातल्या प्रकल्पांसाठी स्वतःचा नियम काढला: परंपरेने वापरात असलेल्या जमिनीवरचा त्यांचा हक्क ओळखला पाहिजे. पण तीन वर्षांनी नर्मदेचा करार करताना हा नियम फायलीतच राहिला.

त्याचा परिणाम जमिनीच्या कागदावर दिसतो. १९७९ च्या नर्मदा लवादाने जमीनधारक विस्थापितांना किमान दोन हेक्टर जमीन द्यायला सांगितले होते. जमीनधारक कोण? ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे तो. अक्कलकुवा-अक्राणीतली भिल्ल आणि पावरा कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जे शेत कसत होती, त्यातले बरेचसे कागदोपत्री जंगल होते. म्हणजे कसणारा अतिक्रमणदार. गुजरातने पुढे भूमिहीनांना आणि अतिक्रमणदारांनाही पाच एकर द्यायचे ठरवले. महाराष्ट्र एका एकरापाशी थांबला. नदी एकच, धरण एकच, पण बुडणाऱ्याची किंमत काठ बदलला की बदलत होती.

लोकांनी हलायला नकार दिला. ‘डूबेंगे पर हटेंगे नहीं’ ही घोषणा मोर्चात द्यायला सोपी आहे. मणिबेलीच्या लोकांनी ती पावसाळ्यात घरात बसून पाळली. नर्मदा बचाव आंदोलन आणि मेधा पाटकर यांची नावे सगळ्यांना ठाऊक आहेत. बँकेच्या दृष्टीने नवी गोष्ट वेगळी होती. कर्ज सरकारने घेतले, करार दिल्लीत आणि वॉशिंग्टनमध्ये झाला, आणि ज्यांची सही कुठेच नव्हती ते लोक त्या करारात आडवे आले. १९९०-९१ च्या हिवाळ्यात मध्य प्रदेशातून निघालेली संघर्ष यात्रा गुजरातच्या सीमेवर, फेरकुव्याला अडवली गेली. तिथल्या उपोषणानंतर बँकेने स्वतःच्या प्रकल्पाची बाहेरच्या माणसांकडून चौकशी करायचे मान्य केले. तोवर तिने असे कधी केले नव्हते.

ऐकायला शिकलेला माणूस

चौकशीचे प्रमुख ब्रॅडफर्ड मोर्स, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख. त्यांचे उपप्रमुख थॉमस बर्जर. कॅनडात न्यायाधीश राहिलेल्या या माणसामुळे चौकशीला वेगळा रंग आला असे मला वाटते.

१९७४ ते १९७७ या काळात बर्जर यांनी मॅकेन्झी खोऱ्यातल्या गॅस पाइपलाइनची चौकशी केली होती. उत्तर कॅनडातल्या डेने आणि इन्युइट लोकांच्या मुलखातून ती जाणार होती. शहरातल्या सभागृहात तज्ज्ञांच्या साक्षी घ्यायच्या आणि मोकळे व्हायचे, ही नेहमीची रीत. बर्जर ३५ वस्त्यांवर स्वतः गेले. लोक आपापल्या भाषेत बोलले, दुभाष्यांनी सांगितले, आणि शिकार कुठे करतो, मासे कुठे धरतो हे सांगणाऱ्या म्हाताऱ्यांची साक्ष अभियंत्यांच्या साक्षीइतकीच नोंदली गेली. जमिनीचे दावे आधी मिटवा, पाइपलाइन दहा वर्षे थांबवा, अशी शिफारस त्यांनी केली.

तोच माणूस १९९१ मध्ये नर्मदेच्या खोऱ्यात आला. सोबत मानववंशशास्त्रज्ञ ह्यू ब्रॉडी होते, तेही कॅनडाच्या उत्तरेत काम केलेले. जून १९९२ मध्ये आलेल्या अहवालाने बँकेला झोडपले. पुनर्वसनाचा नीट अभ्यास करण्याआधी करार झाला होता. बाधित लोकांशी सल्लामसलत केलेली नव्हती. १९८२ चा बँकेचा स्वतःचा नियम बाजूला ठेवला होता. कसणाऱ्याला अतिक्रमणदार म्हटल्याने त्याचा हक्कच पुसला गेला होता. सध्याच्या परिस्थितीत सगळ्यांचे पुनर्वसन शक्य नाही, सबब बँकेने मागे सरावे, हा सल्ला.

बँक लगेच मागे सरली नाही. ऑक्टोबर १९९२ मध्ये संचालक मंडळाने काही संचालकांच्या विरोधाला न जुमानता सहा महिन्यांच्या अटी घालून कर्ज चालू ठेवले. ती मुदत संपत आली तेव्हा, ३० मार्च १९९३ रोजी, उरलेले पैसे आम्हाला नकोत असे भारत सरकारनेच कळवून टाकले. दोन्ही बाजूंचा मान राहिला.

त्याच काळात विली वापेनहान्स या बँकेच्या अधिकाऱ्याने अंतर्गत आढावा घेतला होता. नर्मदेशी त्याचा थेट संबंध नाही, पण मणिबेलीत काय बिघडले ते त्यातून जास्त कळते. बँकेत कर्मचाऱ्याची बढती कर्ज मंजूर करून घेण्यावर ठरते. पुढे त्या कर्जाचे काय झाले हे कोणी विचारत नाही, असा त्याचा निष्कर्ष. मार्च महिन्यात कोणत्याही बँकेच्या शाखेत गेलेल्या माणसाला हे फार लांबचे वाटणार नाही.

शिकवणीची फी

सप्टेंबर १९९३ मध्ये जागतिक बँकेने तपासणी मंडळ स्थापन केले. बँकेच्या पैशाने चाललेल्या प्रकल्पात नुकसान झालेल्या दोन किंवा अधिक लोकांना, सरकारला वळसा घालून, थेट तक्रार करता येऊ लागली. पहिली तक्रार नेपाळमधल्या अरुण जलविद्युत प्रकल्पाची आली आणि १९९५ मध्ये बँक त्यातून बाहेर पडली. २००५ च्या आदिवासी धोरणात बँकेने आधी सल्लामसलत करून समाजाचा व्यापक पाठिंबा मिळवणे आवश्यक ठरवले. ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या चौकटीत पारंपरिक जमिनीवर परिणाम, स्थलांतर आणि सांस्कृतिक वारसा या तीन बाबतींत संमतीच सक्तीची झाली. सल्ला घेण्यापासून संमती मागण्यापर्यंत यायला एका बँकेला इतकी वर्षे लागली.

फी मात्र भरली ती मणिबेलीने. १९९३ च्या पावसाळ्यात तिथल्या घरांत पाणी शिरले. परदेशी पैसा थांबला, धरण थांबले नाही. ते देशी पैशावर वाढत गेले. सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २००० रोजी बांधकामाला वाट मोकळी करून दिली आणि २०१७ मध्ये १३८.६८ मीटर उंचीचे धरण देशाला अर्पण झाले. १९९४ मध्ये चाळीसहून अधिक देशांतल्या तीनशेवर संघटनांनी मोठ्या धरणांना पैसा देणे थांबवा असे बँकेला सांगणारा जाहीरनामा काढला. त्याला नाव दिले मणिबेलीचे. ज्या गावाच्या नावाने जगभर नियम बदलले, त्या गावाला त्या नियमांचा उपयोग झाला नाही. बँका शिकल्या असे आपण म्हणतो तेव्हा हा हिशेब सहसा बाजूला राहतो.

खासगी बँका आणि स्टँडिंग रॉक

खासगी बँकांनी २००३ मध्ये इक्वेटर तत्त्वे नावाची स्वतःची आचारसंहिता काढली; सुरुवातीला दहा बँका होत्या. भारतातून आयडीएफसीने २०१३ मध्ये ती प्रथम स्वीकारली. पण तिच्यात एक पळवाट होती. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशांत तिथला कायदा पाळला म्हणजे पुरे, असे धरले जाई. स्टँडिंग रॉकच्या सू लोकांनी २०१६ मध्ये आपल्या पाण्याजवळून जाणारी डकोटा तेलवाहिनी अडवली तेव्हा ही पळवाट उघडी पडली. प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या सतरा बँकांपैकी नेदरलँड्सच्या आयएनजीने जमातीच्या प्रतिनिधींशी बोलणे केले आणि २०१७ मध्ये कर्जातला आपला १२ कोटी डॉलरचा वाटा विकून टाकला. तेलवाहिनी झालीच. तत्त्वांची नवी आवृत्ती २०२० पासून लागू झाली आणि श्रीमंत देशांतल्या मूळनिवासींवर होणारा परिणामही तपासणे भाग पडले.

मणिबेलीत जे झाले तेच इथे झाले. अडवणूक आधी, नियम मागाहून.

वाडी: अडवणुकीविना भागीदारी

नाशिक जिल्ह्यात मात्र एक वेगळी गोष्ट घडली आणि तिच्याकडे हक्कांच्या नजरेने फारसे कोणी पाहिलेले नाही.

मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचनला स्थापन केलेल्या ‘बाएफ’ या संस्थेने १९८२ पासून दक्षिण गुजरातच्या वांसद्यात आदिवासी कुटुंबांबरोबर वाडी लावायला सुरुवात केली. एकरभर मुरमाड, उताराची जमीन; तिच्यात आंबा-काजूची कलमे, मधल्या पट्ट्यात नेहमीचे पीक, कडेने कुंपणाची झाडे. नाबार्ड आणि जर्मनीची केएफडब्ल्यू ही विकास बँक या कामात उतरली आणि २००० पासून तसाच कार्यक्रम महाराष्ट्रात, नाशिक आणि ठाणे जिल्ह्यांत सुरू झाला. नाबार्डने २००३-०४ मध्ये नफ्यातून ५० कोटी रुपये वेगळे काढून आदिवासी विकास निधी उभारला आणि वाडी देशभर नेली.

बँकेसाठी हे अवघड काम होते. आंब्याला फळ धरायला चार-पाच वर्षे लागतात. तोवर हप्ता कशातून येणार? म्हणून सुरुवातीचा मोठा भाग अनुदानाचा ठेवावा लागला, आणि कलमांइतकेच पैसे पाणी, आरोग्य, बायकांचे गट, जमीन नसलेल्यांची उपजीविका यांवर खर्च करावे लागले. कलम जगवायचे म्हणजे पहिले दोन-तीन उन्हाळे हंड्याने पाणी वाहायचे. ते बहुतेक वेळा बाईनेच. पाण्याची सोय जवळ केल्याशिवाय वाडी म्हणजे तिच्या डोक्यावरचा आणखी एक हंडा ठरते. हे मुंबईच्या कार्यालयात बसून कळण्यासारखे नव्हते.

पण मला यातली खरी गोष्ट वेगळी वाटते. वाडी लावायची की नाही हे कुटुंब ठरवू शकत होते. जमीन त्याच्याच ताब्यात राही. मधल्या पट्ट्यात नागली, वरई, उडीद काय घ्यायचे ते त्याचे ते ठरवी. एखाद्याने पहिल्या वर्षी नको म्हटले, शेजाऱ्याची कलमे तग धरताना पाहिली आणि दुसऱ्या वर्षी नाव दिले, तर कोणाचे काही बिघडत नव्हते. सातपुड्यात ज्या नकाराला बंदोबस्त लावला गेला, तोच नकार इथे पेठच्या उतारावर कार्यक्रमाच्या आखणीतच धरलेला होता.

वाडीची मर्यादाही सांगितली पाहिजे. जमीन नावावर असलेल्यालाच तिचा पुरता फायदा. ज्याची शेती वनखात्याच्या नकाशात जंगल होती, तो इथेही कडेलाच उभा राहिला.

भुकेचे कर्ज

आदिवासी विकास महामंडळाचे मुख्यालय नाशिकलाच आहे. पावसाळ्यात घरातले धान्य संपलेले असते, मजुरी नसते आणि नवे पीक दिवाळीला. त्या महिन्यांसाठी महामंडळामार्फत खावटी दिली जाई. १९७८ पासून सुरू झालेली ही योजना कर्जाची होती. जेवणासाठी घेतलेले पैसे पिकातून फेडायचे. जेवून उत्पन्न वाढत नाही, हे कोणत्याही शाखाधिकाऱ्याला कळते. पण योजना २०१३ पर्यंत त्याच हिशेबावर चालली आणि थकबाकीचे डोंगर उभे राहिले. टाळेबंदीच्या वर्षी, सप्टेंबर २०२० मध्ये, शासनाने ती अनुदानात बदलली: कुटुंबाला चार हजार रुपये, त्यातले दोन हजार खात्यात आणि दोन हजारांचे कडधान्य, तेल वगैरे. भुकेच्या महिन्यांना कर्ज हा उपाय नाही, एवढे मान्य झाले. दुसऱ्या दोन हजारांचे काय घ्यायचे हे मात्र महामंडळानेच ठरवले.

जिथे खावटीही पोहोचत नाही तिथे उचल पोहोचते. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे इथल्या कातकरी वस्तीतली मुले थोड्या पैशांच्या किंवा एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिल्याचे उघड झाले. त्यातल्या एका लहान मुलीचा मृत्यू झाला तेव्हा कुठे गुन्हे नोंदले गेले. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद आहे. कातकरी राज्यातल्या अतिमागास तीन जमातींपैकी एक. अनेकांकडे जातीचा दाखला नाही, जमीन तर नाहीच. बँकेला अशा वस्तीत काही दिसत नाही, कारण तिच्या अर्जात भरण्यासारखे त्या घरांत काही नसते. उचल देणाऱ्याला मात्र माणूस दिसतो, आणि तो माणसालाच तारण धरतो. बँकेने काही वाईट केले म्हणून इथे हक्क गेला नाही. बँक तिथे नव्हती म्हणून गेला.

तारण न होणारी जमीन

६ मार्च २०१८ रोजी नाशिकच्या सीबीएस चौकातून शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला आणि १८० किलोमीटर चालून १२ तारखेला मुंबईत आझाद मैदानावर पोहोचला. बातम्यांत तो कर्जमाफीचा मोर्चा होता. चालणाऱ्यांत मोठा भाग सुरगाणा, पेठ, दिंडोरीच्या आदिवासींचा होता आणि त्यांच्यासाठी पहिली मागणी वनपट्ट्यांची होती. प्रलंबित दावे सहा महिन्यांत निकाली काढू असे सरकारने लिहून दिले.

वनहक्क कायद्याचा पट्टा चार हेक्टरपर्यंत मिळू शकतो, नवरा-बायको दोघांच्या नावे असतो, वारसाला जातो. पण विकता येत नाही, हस्तांतरित करता येत नाही. महाराष्ट्रात जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ ने आदिवासीची खातेजमीन बिगरआदिवासीकडे जाण्यावर आधीपासूनच कडक निर्बंध आहेत. बँकेला अशी जमीन म्हणजे कोरा कागद वाटते: गहाण नाही, लिलाव नाही, मग कर्ज कशावर? विकता येऊ द्या, म्हणजे पत वाढेल, असा युक्तिवाद अधूनमधून डोके वर काढतो. तो फसवा आहे. सावकारांनी आणि व्यापाऱ्यांनी आदिवासींच्या जमिनी कशा घेतल्या, तेच पाहून १९७४ च्या सुमारास हे निर्बंध आणि जमिनी परत करण्याचा कायदा आले. कर्जापायी जमीन जाऊ न देणे हा इथे हक्कच आहे, आणि बँकेने त्याच्याभोवती आपली रीत बसवायची आहे.

ती बसवता येते. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२५ पासून शेतीकर्जाची विनातारण मर्यादा दोन लाख रुपये केली आहे. एक-दोन एकर भात-नागली करणाऱ्या कुटुंबाचे पीककर्ज या मर्यादेत सहज बसते. तेव्हा पट्टा गहाण घेता येत नाही, हे अर्ज परत करण्याचे कारण होऊ शकत नाही. पट्ट्याचा उपयोग कसणारा कोण हे दाखवण्यापुरता. तो दोघांच्या नावे असल्याने कर्जाच्या कागदावर बायकोलाही विचारावे लागते. तिचे नाव सातबाऱ्यावर क्वचितच असते. पट्ट्यावर ते कायद्यानेच आले आहे.

सातपूरच्या शाखेपर्यंत

सातपूरच्या एखाद्या शाखाधिकाऱ्याला यातले काय उचलता येईल? जागतिक बँकेचे धोरण त्याच्या टेबलावर येत नाही. त्याच्या हाती बारीक गोष्टी आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच नियमांत आधीच लिहिलेल्या आहेत.

आधारवर गावाचा पत्ता असलेल्या मजुराला सध्याचा पत्ता स्वतःच्या घोषणेने देता येतो. त्याला भाडेकराराच्या शोधात पिटाळायची गरज नाही. मूलभूत बचत खात्यात किमान शिल्लक लागत नाही. मार्च २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सूक्ष्मकर्ज विनातारणच हवे, सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त नसावेत, कर्जाची माहिती त्याला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावी आणि वसुलीला सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर कोणी दारात जाऊ नये. घरात कोकणा किंवा वारली बोलणाऱ्या बाईला छापील मराठीतला कर्जकरार समजला की नाही, हे तिला बोलते केल्याशिवाय कळणार नाही. बर्जर ३५ वस्त्यांवर गेले ते यासाठीच.

हप्त्याची तारीख हा आणखी एक प्रश्न. दर महिन्याच्या पाच तारखेचा हप्ता कायम पगार असणाऱ्याच्या सोयीचा. हंगामी मजुराच्या हाती पैसा येतो तो बागांच्या छाटणीला आणि तोडणीला. जून ते सप्टेंबर हात रिकामे. ज्या महिन्यांसाठी खावटी काढावी लागली, त्याच महिन्यांत हप्ता चुकल्याचा दंड लावणारी पद्धत नियमाने चूक नाही, पण ती बदलायला कोणाची मंजुरीही अडत नाही. सूक्ष्मकर्ज देणाऱ्याने परतफेडीत सोय ठेवावी असे रिझर्व्ह बँकेचे निर्देशच सांगतात.

एक पेच मात्र शाखेच्या हातातला नाही. पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रात आदिवासींना दिल्या जाणाऱ्या सावकारी कर्जावर नियंत्रण ठेवण्याची ताकद ग्रामसभा आणि पंचायतींना देतो. पेठ, सुरगाणा, कळवण हे तालुके पूर्णपणे त्या क्षेत्रात आहेत, आसपासच्या तालुक्यांतली काही गावेही. सातपूर नाही. हरसूलकडचा माणूस ठेकेदाराकडून उचल घेतो किंवा खासगी कंपनीचे कर्ज काढतो ते सातपूरला; ज्या ग्रामसभेला त्यावर बोलायचा अधिकार आहे ती वर डोंगरात, आणि तिला या कर्जाचा पत्ताही नसतो. एखाद्या बँकेला खरेच भागीदारी करायची असेल तर तिने त्र्यंबक आणि पेठ तालुक्यांतल्या दहा-वीस ग्रामसभांना जाऊन विचारावे: तुमच्या गावची कोणती माणसे खाली कामाला येतात, त्यांच्या डोक्यावर कोणाचे किती कर्ज आहे, आणि आम्ही द्यायचे ठरवले तर कोणत्या अटी तुम्हाला चालणार नाहीत. यादी ग्रामसभेने करायची आणि अर्जाचा नमुना त्यानंतर छापायचा.